सात नंबरचा शिक्का

आमच्या घरात शिव्या चालायच्या, पण ‘चालून जाईल’ हे दोन शब्द चालायचे नाहीत. भाकरी एका बाजूने करपली, परकराची शिवण तिरकी गेली, गणितात उत्तर बरोबर आलं पण रीत चुकली, तरी ‘चालून जाईल’ म्हणायची कोणाची छाती नव्हती. चुकून म्हटलंच, तर दादा, म्हणजे माझे वडील, चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, “कुठे जाईल चालून? पत्ता सांग, मी पोचवून येतो.” ते सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. इतरांनी बनवलेला माल तपासायचा आणि चांगला असेल तरच पुढे सोडायचा, एवढंच काम. त्यासाठी त्यांच्या खिशात एक गेज असायचं. बोटाएवढी पोलादी कांडी, दोन टोकं दोन जाडीची. एक टोक ‘गो’, ते भोकात गेलंच पाहिजे. दुसऱ्या टोकाला लाल पट्टा, ते ‘नोगो’, ते भोकात जाताच कामा नये. लाल टोक आत गेलं की भोक मोठं झालं, माल बाद. एक जुनं, झिजलेलं गेज मला खेळायला मिळालं होतं आणि त्याने मी घरातल्या यच्चयावत भोकांची तपासणी केली होती. नळाची तोटी, बाटल्यांची तोंडं, भिंतीतली मुंग्यांची बिळं, सगळं. मुंग्यांचा माल बाद निघाला होता.

पुढे तीसेक वर्षं मी परराष्ट्र सेवेत काढली, त्यातली बहुतेक अण्वस्त्रांचा प्रसार थांबवण्याच्या वाटाघाटींत. नाशिकची मुलगी असल्या विषयाकडे वळली कशी, असं लोक विचारतात, आणि मी एखाद्या थोर माणसाचं किंवा पुस्तकाचं नाव घेईन अशी त्यांची अपेक्षा असते. मी गेजचं नाव घेते. त्यांचा चेहरा पडतो, पण त्याला माझा इलाज नाही.

कारखान्याने दिलेल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. भोंगा दिवसात तीनदा व्हायचा. पहिल्या भोंग्याला शेगडी पेटायची, दुसऱ्याला दादा सायकल टेकवून दारात उभे असायचे, तिसरा मला कधी ऐकूच आला नाही, कारण तोवर मी गाढ झोपलेली असायचे. भोंग्यांच्या मधल्या वेळात आजूबाजूच्या छोट्या वर्कशॉपांतून घासण्या-ठोकण्याचे आवाज यायचे. दादांना नुसत्या कानशीच्या आवाजावरून धातू ओळखता यायचा. जेवता जेवता हात थांबवायचे, कान देऊन म्हणायचे, “हे बीड आहे, ओतीव लोखंड. आणि पलीकडे चाललंय ते पितळ.” मी पळत जाऊन बघून यायचे. एकदाही चुकले नाहीत. आई मखमलाबादची, झेंडूच्या मळ्यातली. मामांची फुलं विकायला ती दुपारी बाजारात जाऊन बसायची आणि संध्याकाळी तिच्या पदराला झेंडूचा उग्र वास असायचा. दादांच्या शर्टाला कूलंटचा वास, मशिनीवर सोडतात त्या दुधाळ पाण्याचा. दोघं एकदम घरात आले की दोन वासांची दाटी व्हायची आणि मग आई नागलीची भाकरी थापायला घ्यायची. आज इंदिरानगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये सगळं काही आहे, भाकऱ्या करायला बाई आहेत, पण झेंडू आणि कूलंट एकत्र कुठे मिळेल ते कोणी सांगू शकत नाही. हसू नका, मी एकदा विचारून पाहिलंय.

दादांकडे गेजखेरीज आणखी एक वस्तू होती, शिक्का. कारखान्यात त्याला पंच म्हणत. करंगळीएवढा पोलादी तुकडा, त्याच्या टोकावर गोल आणि गोलात उलटा सात. तपासलेल्या नगावर तो ठेवून वर हातोडीचा एक ठोका मारायचा की सुलटा सात उमटायचा. गाड्यांचे सुटे भाग घेणाऱ्या गिऱ्हाईक कंपनीला आमच्या कारखान्यातला फक्त सात नंबर मान्य होता, पहिल्या मालाबरोबर त्याचाच नमुना तिकडे गेला होता. सात असेल तर ते माल पुन्हा मापूनही बघत नसत. दादा तो शिक्का चष्म्याच्या जुन्या डबीत घालून रोज घरी आणायचे. आई चिडवायची, “सोन्याचा नाही ना? मग एवढं काय जपायचं?” दादा म्हणायचे, “सोन्याचा असता तर लॉकरमध्ये टाकून झोपलो असतो.”

मी पंधरा वर्षांची होते त्या वर्षी काशिनाथ कारखान्यात लागला. सुरगाण्याकडचा, तिशीचा, दोन मुलांचा बाप. आधी दरवर्षी भातकापणी झाली की कामासाठी गाव सोडायचा आणि पावसाआधी परतायचा. बारमाही नोकरी त्याला पहिल्यांदाच मिळाली होती. दादांसाठी तो गावाकडून नागलीचं पीठ घेऊन आला होता, म्हणून मी त्याला ओळखत होते. त्याला बुशांची, म्हणजे धातूच्या छोट्या नळकांड्यांची, भोकं मोठी करून मापात आणायच्या मशिनीवर बसवलं. फोरमन घाईत होता. त्याने गेज हातात दिलं आणि म्हणाला, “दोन्हीकडून लावून बघायचं.” एवढंच. लाल पट्टा म्हणजे काय, ते सांगितलंच नाही. काशिनाथला वाटलं, दोन्हीकडून बघायचं म्हणजे दोन्ही टोकं बसली पाहिजेत. लाल टोक अडायचं, मग तो बिचारा पुन्हा भोक वाढवायचा, पुन्हा लावायचा, लाल टोक गपकन आत जाईपर्यंत सोडायचा नाही. त्या पाळीत सगळ्यांत जास्त घाम त्याने गाळला. दोन पेट्या भरून बुश त्याने इतक्या मन लावून बिघडवले होते की एकही चुकून चांगला राहिला नव्हता.

दादांच्या हातात पेट्या आल्या तेव्हा त्यांना आधीच ताप होता. त्यांनी दोन्ही पेट्यांवर लाल खडूने फुल्या मारल्या आणि घरी येऊन आडवे झाले. दोन दिवसांत डोळे पिवळे पडले. कावीळ. आई मुगाचं पाणी आणि मऊ भात करून बाजारात जायची, मी शाळा बुडवून त्यांच्याजवळ बसायचे. त्यांना पडून राहण्याची सवय नव्हती. छताकडे बघत ते वासे मोजायचे आणि एक वासा तिरका आहे म्हणून मला सांगायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी काशिनाथ दारात आला. आत यायला तयार नव्हता. दादांनी दोनदा बोलावलं तेव्हा उंबऱ्याच्या आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

“दादा, साहेबांनी पंच मागितलाय,” तो म्हणाला. साहेब म्हणजे मॅनेजर.

“पंच? कशाला?”

“त्या दोन पेट्यांतल्या मालावर मारायला. सांजच्याला गाडी जायची हाय. साहेब म्हणले, पंच घेऊन ये. नाय आणला तं तूबी येऊ नको, आन दादालाबी सांग, बरा झाल्यावर येऊ नको म्हणून.”

“मी बाद केल्यात त्या पेट्या.”

“माझ्यामुळं बाद झाल्या ना दादा,” काशिनाथचा आवाज फाटला. “मला सांगलं नव्हतं वो कोणी. माल सुटला तं माझं नाव येत नाय. नाय सुटला तं मी गेलो. घरी पोरं हायेत, बायको हाय, म्हातारी हाय.”

दादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी वाट बघत होते की ते आता चष्मा कपाळावर सरकवतील. चष्मा खिडकीतच राहिला. ते भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, “केसभराचा तर फरक आहे. चालून जाईल. कुंदे, दे त्याला शिक्का.”

मला जे झालं ते राग या शब्दात मावत नाही. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी ती खाल्ली असती. नोकरी जाईल, खोल्या जातील, हे मलाही कळत होतं, मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. घाबरलो म्हणून देतोय, असं म्हणाले असते तरी मी दिला असता. पण ते ते दोन शब्द म्हणाले, जे म्हटल्याबद्दल मी लहानपणापासून बोलणी खाल्ली होती, आणि मला वाटलं की ह्या माणसाने पंधरा वर्षं मला फसवलं.

“देते,” मी म्हटलं.

डबी घेऊन मी आतल्या खोलीत गेले. दादांच्या पेटीतून कानस काढली, शिक्का सांडशीत पकडला आणि त्या सातवर कानस चालवायला सुरुवात केली. कानस सर्रकन घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. सातला ओरखडासुद्धा आला नाही. बोटाची साल मात्र गेली. तेवढ्यात मागे चाहूल लागली. काशिनाथ पाणी मागायला आला होता, हातात रिकामा तांब्या होता.

“काय करतीस ताई?”

“शिक्का द्यायला सांगितलाय. सात द्यायला नाही सांगितलेला.”

“येड लागलं काय तुला? माझी नोकरी जाईल!” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“जाईल. ते बुश कशात बसतात, माहितीय का तुम्हाला?”

“गाडीच्या ब्रेकात.”

“कोणत्या गाडीच्या?”

“मला काय ठावं? टरकाच्या. एसटीच्याबी आसतील.”

“तुमच्या सुरगाण्याला जाताना घाट लागतो ना, काशिनाथभाऊ?”

तो खाली बसला, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि सगळं एका दमात प्यायला. मी कानस चालवतच होते, ती घसरतच होती. “आई माझी दर बाजाराला त्याच गाडीनं येती,” तो म्हणाला, मला नाही, तांब्याला सांगितल्यासारखं. “पोरांला घेऊन.” मग एकदम चिडून माझ्या हातातली सांडशी ओढून घेतली. “आशी सात जन्म घासलीस तरी नाय जायचा तो सात. पोलाद हाय, कोयत्यासारखं पाणी पाजलेलं. आधी लाल करावं लागतं, मंग राखेत निवू द्यायचं. मंग घास किती घासायचं ते.”

शेगडीत सकाळचे कोळसे धरून होते. काशिनाथने त्यात नवे टाकले, शिक्का मधोमध पुरला आणि आईचं सूप घेऊन वारा घालू लागला. बाहेरून दादांनी विचारलं, “कुंदे, शेगडी कशाला?” मी म्हटलं, “तुमचं मुगाचं पाणी गरम करतेय.” शिक्का लाल झाला, मग राखेत गेला. तो निवेपर्यंत आम्ही दोघं शेगडीच्या दोन बाजूंना बसून होतो. काशिनाथच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ओठ हलत होते. प्रार्थना करत असावा किंवा मला शिव्या देत असावा. मग मी कानस घेतली. आता ती धरून चालली. खसखस, खसखस, सरळ, सावकाश, दादांनी शिकवलं होतं तशी. सात गेला, गोल गेला, टोक आरशासारखं सपाट झालं. काशिनाथने तो तुकडा कागदात बांधला, खिशात टाकला आणि पुढच्या खोलीतून जाताना दादांकडे न बघता म्हणाला, “येतो दादा.” दादा म्हणाले, “ये.”

गाडी त्या संध्याकाळी गेली नाही. नवा शिक्का कोरून आणेपर्यंत, माल का आला नाही म्हणून गिऱ्हाईक कंपनीचा माणूसच येऊन धडकला. त्याने पेटी उघडली, पहिल्याच बुशात लाल टोक घातलं आणि ते गपकन आत गेलं. पुढचं सांगायला नको. शिक्का कोणी घासला याची चौकशी झाली. काशिनाथ म्हणाला, “मी घासला.” त्याला त्याच पाळीत काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी दादा पिवळ्या डोळ्यांनी रिक्षा करून गेटवर गेले आणि म्हणाले, “मी घासला.” जुना माणूस म्हणून त्यांची नोकरी राहिली, पण त्यांना इन्स्पेक्शनमधून काढून पॅकिंगला टाकलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते खोक्यांना पट्ट्या ठोकत राहिले. मला कोणी विचारलंच नाही. पोरीच्या हातात कानस असू शकते, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. मी साहेबांकडे जाऊन सांगते म्हटलं, तेव्हा दादा म्हणाले, “तू गप्प बसायचं. तुझं शिक्षण व्हायचंय.” आयुष्यात मी फार कमी लोकांचं ऐकलं. नेमकं हे ऐकलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोललं नाही. ‘चालून जाईल’ची बंदी मात्र तशीच राहिली. त्या दोन शब्दांशी माझं पुढे आयुष्यभर भांडण झालं, फक्त भाषा बदलत गेल्या. एकदा परदेशात, एका थंडगार सभागृहात, आम्ही सहा दिवस एका शब्दावर अडलो होतो. तपासणी पथकाला आत येऊ द्यावं, की ‘शक्यतो’ येऊ द्यावं? सहाव्या दिवशी आमच्याच बाजूचे एक ज्येष्ठ सहकारी माझ्याकडे झुकून म्हणाले, “मॅडम, एक लफ्ज़ ही तो है, चल जाएगा.” मला कोळशाचा वास आला, खरंच आला. मी उभी राहिले आणि म्हटलं, नाही जाणार. त्यानंतर माझ्या दोन बढत्या हुकल्या. हुकू देत. तो शब्द मात्र मसुद्यात गेला नाही.

आणि मला हमखास विचारला जाणारा प्रश्न, तुमच्या देशाने स्वतः बॉम्ब केला आणि तुम्ही इतरांना काय शिकवता? विचारा, जरूर विचारा, मी कधी टाळला नाही. माझ्याच घरातलं सगळ्यांत काटेकोर माणूस एका दुपारी ‘चालून जाईल’ म्हणालं होतं. म्हणून काय लाल टोकाची गरज संपली? उलट त्याच दुपारी मला कळलं की ते टोक परक्यांसाठी नसतं, आधी आपल्या माणसांसाठी असतं. हे मी सभागृहांत बोलले आहे, आपल्या लोकांसमोर बोलले आहे, आणि त्याबद्दल दोन्हीकडून बोलणी खाल्ली आहेत.

हे सगळं आता लिहायला बसले त्याला कारण झालं. मागच्या महिन्यात इंदिरानगरच्या ज्येष्ठ नागरिकांनी माझा सत्कार केला. सातपूरचे एक निवृत्त गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि माझ्या वडिलांनी तत्त्वासाठी स्वतःचाच शिक्का कसा घासून टाकला, याचं त्यांनी असं वर्णन केलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन, मुकाट बसले. घरी आल्यावर मला माझाच संताप आला. आमच्या कामात पहिली पायरी घोषणापत्राची असते. देशाने स्वतः लिहून द्यायचं, आमच्याकडे काय आहे, कुठे आहे, आम्ही काय केलं. पूर्ण आणि खरं. मग तपासणी. किती देशांकडे मी हे बोट रोखून मागितलं, आणि माझं स्वतःचं घोषणापत्र पन्नास वर्षं दडवून ठेवलेलं.

म्हणून गेल्या आठवड्यात जीपने सुरगाण्याला गेले. काशिनाथ आहे, वाकलाय, पण दात शाबूत आहेत. त्याला म्हटलं, मी खरं लिहिणार आहे. तो दचकलाच.

“नको ना ताई! सगळ्या गावाला सांगलंय मी, मीच घासला म्हणून. त्याच्यावर तं मला मान हाय हितं.”

“आणि नोकरी गेली त्याचं काय?”

“तवा लय शिव्या दिल्या तुला. घाट चढेपर्यंत देत व्हतो,” तो हसला. “मंग गाडी उतरायला लागली, डायवरनं ब्रेक दाबला, आन गाडी थांबली. तवा बंद केल्या.”

नातसुनेने नागलीची भाकरी आणि ठेचा पुढे केला. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. निघताना तो पुन्हा म्हणाला, “त्यातनं माझं नाव काढू नको हां.” मी म्हटलं, काढणार नाही, पण जेवढं तुमचं तेवढंच ठेवीन. त्याला ते फारसं पटलं नाही. दादा आता नाहीत, त्यामुळे त्यांना पटवण्याचा प्रश्न नाही. आणि गप्प बसायचं असं त्यांनी सांगितलं होतं, तर माझं शिक्षण होऊनही आता बरीच वर्षं झाली.

तर हे माझं घोषणापत्र. सात नंबरचा शिक्का मी घासला. तो लाल केला काशिनाथने. आणि माझे वडील पलीकडच्या खोलीत खाटेवर जागे होते, त्यांना कानशीच्या आवाजावरून धातू ओळखता यायचा, आणि कानस चालली तेवढा वेळ त्यांनी मला हाक मारली नाही.